दोन महायुद्धे आणि हैदराबादची घरची आघाडी

१

युद्धाचा इतिहास म्हटला की आपली दृष्टी स्वभावतःच रणभूमीकडे वळते. कोणत्या सेनापतीने कोणते ठाणे घेतले, कोणत्या दिवशी कोणते शहर पडले, यांच्या नोंदी दप्तरांत नीट लावून ठेवलेल्या असतात आणि शाळेच्या पुस्तकांतही त्याच उतरतात. परंतु गेल्या शतकातील दोन महायुद्धे एकट्या सैन्यांनी लढलेली नाहीत. सैन्याच्या पाठीशी असलेले शेत, गिरणी, कोठार, टांकसाळ आणि स्वयंपाकघर या सर्वांस त्या युद्धांनी कामास जुंपले. या पिछाडीस पाश्चात्त्य इतिहासकारांनी ‘घरची आघाडी’ असे नाव दिले. कॅनडातील मॅनिटोबा, सास्काचेवान व अल्बर्टा या सपाट, गव्हाच्या प्रांतांत तिचा इतिहास गावोगावच्या स्थानिक वृत्तांतून आणि शेतकरी कुटुंबांच्या पत्रव्यवहारांतून जपला गेला आहे. तेथील शाळकरी मुलास आपल्या पणजीने युद्धकाळी काय शिवले, काय पिकविले आणि काय वाचून काढले हे सांगता येते.

आपल्या हैदराबादेत घरच्या आघाडीचा इतिहास नाही असे नाही. परंतु तो एकाच शीर्षकाखाली लिहिला गेला आहे, आणि ते शीर्षक म्हणजे ‘देणग्या’. निजामाने किती रुपये दिले, किती विमाने दिली, त्याबद्दल कोणत्या पदव्या मिळाल्या, एवढ्यावर हे प्रकरण संपते. आमचे म्हणणे असे की, ही हिशेबाची एकच बाजू झाली. जे दिले गेले ते कोठून तरी घेतले गेले होते. दिल्याची नोंद पदव्यांत, तुकड्यांच्या नावांत आणि जहाजाच्या नामफलकावर राहिली. घेतल्याची नोंद खळ्यावर झाली आणि खळ्यावरच पुसली गेली. ती दुसरी बाजू शक्य तेवढी मांडावी, हा या लेखाचा हेतू आहे.

त्यासाठी उभे राहण्यास आम्ही कुकटपल्ली हे ठिकाण निवडले आहे. आज कुकटपल्ली हे हैदराबाद महानगराचे एक अत्यंत गजबजलेले अंग आहे. १९७२ साली स्थापन झालेले तंत्रशास्त्र विद्यापीठ येथे आहे, गृहनिर्माण मंडळाची प्रचंड वसाहत येथे आहे आणि २०१७ पासून मेट्रो गाडी डोक्यावरून धावते. परंतु महायुद्धांच्या काळी हे राजधानीच्या वायव्येस तळ्यांच्या नि शेतांच्या मधोमध असलेले एक खेडे होते. त्याच्या अंगावरून जाणारा रस्ता झहीराबाद, हुमनाबाद, उमरगा, नळदुर्ग असा सोलापुरास पोहोचत असे. म्हणजे मराठी मुलुखाकडे जाण्याची ही एक वेस होती. पूर्वेस थोड्याच अंतरावर बेगमपेठचा विमानतळ होता, आणि वाटेत सनतनगरची उद्योगवस्ती उभी राहत होती. शेत, रस्ता, कारखाना आणि विमान या चारही गोष्टी एकाच टापूत नजरेखाली येतील असे दुसरे ठिकाण राजधानीच्या परिसरात क्वचितच सापडेल.

२

पहिले महायुद्ध ऑगस्ट १९१४ मध्ये सुरू झाले तेव्हा मीर उस्मान अली खान यांस गादीवर येऊन तीन वर्षे झाली होती. थोड्याच महिन्यांत तुर्कस्तान जर्मनीच्या बाजूने उतरले आणि हैदराबादचे महत्त्व एकाएकी वाढले. तुर्कस्तानचा सुलतान हा खलिफा. त्याच्याविरुद्ध लढण्यास हिंदी मुसलमान कचरतील ही भीती इंग्रजांस होती. अशा वेळी देशातील सर्वांत मोठ्या संस्थानाच्या मुसलमान अधिपतीने इंग्रजांशी एकनिष्ठ राहण्याचे जाहीर आवाहन केले. ही मदत पैशाच्या मदतीहून मोठी होती. पैशाचीही कमतरता नव्हती. हैदराबादचे लान्सर्स घोडदळ सुवेझ व पुढे पॅलेस्टाइनच्या मोहिमेवर गेले; फ्रान्समध्ये लढणाऱ्या डेक्कन हॉर्ससह त्याच्या खर्चासाठी निजामाने साठ लक्ष रुपये दिले. १९१८ साली ब्रिटिश विमानदलाच्या ११० व्या तुकडीस त्याने विमाने दिली व त्या तुकडीने ‘हैदराबाद’ हे नाव धारण केले. त्याच वर्षी त्यास ‘हिज एक्झॉल्टेड हायनेस’ व ‘ब्रिटिश सरकारचा विश्वासू दोस्त’ ही बिरुदे मिळाली.

प्रजेच्या घरापर्यंत हे युद्ध कसे पोहोचले? ते प्रथम पोहोचले रुपयाच्या वाटेने. युद्धकाळात जगभर चांदीचा भाव चढत गेला. हैदराबादचे नाणे इंग्रजी राज्यातील नाण्याहून वेगळे होते. आपल्याकडील जुन्या पिढीच्या बोलण्यात ‘हाली’ आणि ‘कलदार’ हे दोन शब्द ज्यांनी ऐकले असतील त्यांस हा भेद सांगणे नको. शंभर कलदार रुपयांस एकशे सोळा रुपये दहा आणे आठ पै हाली, असा पुढे बांधलेला हिशेब होता. चांदी महागली तेव्हा लोक दोन्ही रुपये घरात दडवू लागले. इंग्रजी हद्दीत १९१७ च्या अखेरीस एक रुपयाची कागदी नोट निघाली. हैदराबादनेही १९१८ साली कायदा करून दहाच्या व शंभराच्या नोटा काढल्या आणि पाठोपाठ एकाच्या व पाचाच्याही काढल्या. ज्या कुणब्याने आयुष्यात नाणे दगडावर वाजवून खरे-खोटे ओळखले, त्याच्या हाती न वाजणारा रुपया आला. युद्ध म्हणजे काय याची ही त्याला झालेली पहिली ओळख होय.

या नोटांसंबंधी आमच्या वाचकांनी लक्षात घ्यावी अशी एक गोष्ट आहे. ज्या राज्याची दरबारी भाषा उर्दू होती आणि जेथे मराठी, तेलुगू वा कानडी बोलणाऱ्या बहुसंख्य प्रजेस सरकारी कागदावर आपली लिपी क्वचितच दिसे, त्या राज्याच्या नोटेवर उर्दू व इंग्रजीबरोबर मराठी, तेलुगू व कानडी या तिन्ही भाषांत किंमत छापलेली होती. हुकूम कोणत्या भाषेत आहे हे रयतेस न कळले तरी चालत असे. कागदाचा रुपया किती रुपयांचा आहे हे मात्र तिला कळल्यावाचून तो बाजारात चालला नसता. भाषेस राजमान्यता मिळण्याची जी अनेक कारणे इतिहासात दिसतात, त्यांत चांदीची टंचाई हेही एक कारण नोंदवावे लागेल.

युद्ध दुसऱ्यांदा घरात शिरले ते रोगाच्या रूपाने. १९१८ च्या जूनमध्ये मुंबई बंदरातून शिरलेला इन्फ्लुएंझा सैनिकांच्या हालचालींबरोबर व रेल्वेच्या मार्गाने देशभर पसरला. सप्टेंबर-ऑक्टोबरातील त्याची दुसरी लाट भयंकर ठरली. त्याच वर्षी पाऊस हुकला. हिंदुस्थानात या साथीने एक कोटीहून अधिक माणसे नेली. हैदराबाद संस्थानाची लोकसंख्या १९११ च्या खानेसुमारीत सुमारे १ कोटी ३३ लक्ष होती. ती १९२१ साली सुमारे १ कोटी २४ लक्षांवर आली. दहा वर्षांत वाढ तर नाहीच, उलट नऊ लक्षांची घट झाली. साताऱ्याजवळील अपशिंगे या गावाने पहिल्या महायुद्धात ४६ जवान गमावले, आणि त्यांची स्मरणशिला तेथे उभी आहे. ती उभी राहिली हे योग्यच झाले. परंतु या नऊ लक्षांच्या तुटीची शिला कोठेच नाही, कारण त्यांतील कोणी युद्धात मेला असे कोणत्याही सरकारने मानले नाही.

३

दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी, ३ सप्टेंबर १९३९ रोजी, व्हाइसरॉय लिन्लिथगो यांनी हिंदुस्थान युद्धात असल्याचे जाहीर केले. प्रांतांतून निवडून आलेल्या मंत्रिमंडळांनी, आपणांस विचारले नाही म्हणून, राजीनामे तरी दिले. मुंबईचे खेर मंत्रिमंडळ त्यांत होते. संस्थानी प्रजेस राजीनामा देण्यापुरताही अधिकार नव्हता. हैदराबादेत १९३९ च्या जुलैमध्ये राज्यकारभाराच्या सुधारणा जाहीर झाल्या होत्या. युद्धाचे कारण पुढे करून त्या लांबणीवर पडल्या आणि विधिमंडळ अस्तित्वात आले ते १९४६ साली. स्टेट काँग्रेसवर १९३८ साली घातलेली बंदी १९४६ पर्यंत उठली नाही. स्वामी रामानंद तीर्थ आणि त्यांचे सहकारी यांची युद्धवर्षे पुष्कळशी तुरुंगात गेली.

देणग्यांचा ओघ पुन्हा सुरू झाला. ११० व्या तुकडीच्या जोडीस १५२ व २५३ या क्रमांकांच्या विमानतुकड्या हैदराबादच्या नावाने ओळखल्या जाऊ लागल्या. १५२ व्या तुकडीची स्पिटफायर विमाने १९४० साली इंग्लंडच्या आकाशात लढली. ऑस्ट्रेलियाच्या आरमारातील एका विनाशिकेस ‘निजाम’ हे नाव मिळाले. प्रत्यक्ष माणसेही गेली. हैदराबादच्या संस्थानी पायदळाची एक पलटण मलायातील कोटा भारू विमानतळाच्या रक्षणास होती. ८ डिसेंबर १९४१ रोजी जपानी सैन्य प्रथम उतरले ते याच किनाऱ्यावर. त्या गोंधळात पलटणीचा सेनापती मारला गेला व पलटण उधळली. पुढे १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर पडले तेव्हा हजारो हिंदी सैनिक जपान्यांच्या कैदेत गेले. लंडनच्या आकाशातील हैदराबादचे नाव सर्वांस ठाऊक आहे. कोटा भारूच्या वाळूतील हैदराबादी शिपाई मात्र आपल्या अभ्यासक्रमात कोठे आढळत नाही.

सिंगापूर व रंगून पडल्यावर युद्ध हैदराबादच्या दाराशी आले. ६ एप्रिल १९४२ रोजी विशाखापट्टण व काकिनाडा येथे जपानी बाँब पडले. परंतु बाँबपेक्षा मोठा आघात निराळाच होता. ब्रह्मदेश गेला तेव्हा त्याबरोबर ब्रह्मी तांदूळही गेला, आणि दक्षिणेतील प्रत्येक प्रांत नि प्रत्येक संस्थान आपापले धान्य आपल्याच हद्दीत कोंडून धरू लागले. १९४२-४३ मध्ये शेजारच्या विजापूर भागात दुष्काळ पडला, १९४३ साली बंगालमध्ये महाभयंकर उपासमार झाली. मुंबई शहरात मे १९४३ पासून रेशनिंग सुरू झाले. हैदराबाद सरकारपुढेही प्रश्न उभा राहिला की राजधानीस नि लष्करास खाऊ कोठून घालावयाचे? त्याचे उत्तर म्हणजे लेव्ही.

४

लेव्ही हा शब्द मराठवाड्याच्या बोलीत इतका मुरला की तो इंग्रजी आहे याची आठवणही बोलणाऱ्यास राहिली नाही. तिची रचना वरून पाहता सरळ होती. पिकाखालील जमिनीवर एकरामागे अमुक शेर धान्य सरकारने ठरविलेल्या दराने सरकारास विकलेच पाहिजे, असा नियम होता. पटवाऱ्याच्या दप्तरातील पेऱ्याचा आकडा हा पाया, गिरदावर व तहसीलदार हे वसूल करणारे, आणि खरेदीचे काम हैदराबाद कमर्शियल कॉर्पोरेशनकडे. गावातच थोडा साठा राहावा म्हणून धान्यपेढ्याही काढण्यात आल्या. कल्पना म्हणून यात वावगे काही नव्हते. किंबहुना बंगालमध्ये जे झाले ते पाहता, धान्य बाजाराच्या स्वाधीन करणे अधिक घातक ठरले असते हे मान्य केले पाहिजे. राजधानीच्या रस्त्यांवर कलकत्त्यासारखी प्रेते पडली नाहीत, यात या व्यवस्थेचा वाटा आहे.

परंतु व्यवस्थेचा खरा कस तिचे ओझे कोणाच्या पाठीवर पडते यावर लागतो. लेव्ही एकरावर बसविली जाई, उत्पन्नावर नव्हे. ज्याचे पीक करपले त्याचा एकर आणि ज्याचे कणसांनी वाकले त्याचा एकर दप्तरात सारखाच. सरकारी दर बाजारभावाहून कमी असे. मोठ्या देशमुखांस व वतनदारांस दप्तरातील आकडा हलविता येई, कारण दप्तर लिहिणारा पटवारी पुष्कळदा त्यांचाच असे. लहान कुळास ते शक्य नव्हते. तेव्हा ज्याच्या घरी वर्षाचे धान्य पुरते निघत नसे त्याने सक्तीने स्वस्त विकावे आणि पावसाळ्यात तेच महाग विकत घ्यावे, असा प्रसंग आला. मराठवाड्यातील शेतकरी ज्वारी जमिनीखालच्या पेवात साठवीत असे. पेव ही त्याची पिढीजात विम्याची योजना होती. एक वर्ष पाऊस न आला तरी पेव उघडून घर जगावयाचे. लेव्हीने हात घातला तो या पेवाला.

याच्या जोडीस दोन अडचणी अशा होत्या की, त्या केवळ हैदराबादेतच संभवत होत्या. पहिली करोडगिरीची. संस्थानाच्या सीमेवर जकातीची नाकी होती. उस्मानाबादच्या बाजूस संस्थानी गाव आणि पलीकडच्या शिवारास सोलापूर जिल्ह्याचे इंग्रजी गाव. दोन्हीकडे नाणे वेगळे, धान्याचा दर वेगळा, कापडाचे नियम वेगळे. ज्यांची सोयरीक सीमेपलीकडे त्यांचे धान्य मात्र सीमेपलीकडे जाणे हा गुन्हा. १९४३ पासून इंग्रजी हद्दीत भोकाचा पैसा आला. तांबे वाचविण्याचा तो उपाय होता. सीमेवरच्या दुकानदारास हाली, कलदार, नोट आणि भोकाचा पैसा या चौघांचा हिशेब एकाच गल्ल्यात ठेवावा लागे.

दुसरी अडचण भाषेची. लेव्हीचा दरबारी व्यवहार उर्दूत, तारीख फसली सनाची. आपण ज्यास १९४३ म्हणतो ते त्या कागदांवर १३५२-५३ फसली असे. तेव्हाच्या औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड व उस्मानाबाद या पाच जिल्ह्यांतील मराठी शेतकऱ्यास, किंवा कुकटपल्लीसारख्या गावच्या तेलुगू रयतेस, आपल्या नावावर किती पल्ले चढले आहेत हे स्वतः वाचता येत नसे. जो वाचून दाखवील त्याच्यावर विश्वास ठेवावा, आणि वाचून दाखविणारा बहुधा तोच असे की ज्याने ते लिहिले. युद्धकाळात डेक्कन रेडिओ उर्दूबरोबर मराठी, तेलुगू व कानडीतूनही बोलत असे. परंतु आकाशवाणीने विजयाच्या बातम्या कळतात, खात्यावरील आकडा कळत नाही. नोटेवर मराठी आली हे आम्ही वर सांगितले. लेव्हीच्या हिशेबाच्या बाबतीत मात्र तिची तशी गरज कोणास भासली नाही.

५

येथे कॅनडाच्या गहू पिकविणाऱ्या प्रांतांकडे एक दृष्टिक्षेप टाकणे उपयुक्त होईल. तुलनेने आपला प्रश्न अधिक नेमका होतो. सास्काचेवानच्या शेतकऱ्यावरही युद्धकाळी नियंत्रणे होती. गव्हाचा दर सरकारी गहू मंडळ ठरवीत असे आणि तो त्यास अपुरा वाटे. परंतु फेब्रुवारी १९४२ मध्ये तेथील सुमारे चारशे प्रतिनिधी आगगाडीने राजधानी ओटावा येथे गेले, त्यांनी लाखो सह्यांची मागणी सरकारपुढे ठेवली, आणि बुशेलमागे सत्तर सेंटांचा दर नव्वद सेंटांवर आला. त्यांच्या पाठीशी मत होते. पहिल्या महायुद्धाच्या मध्यावर, १९१६ साली, मॅनिटोबा, सास्काचेवान व अल्बर्टा या तिन्ही प्रांतांनी स्त्रियांसही प्रांतिक निवडणुकांत मताधिकार दिला होता.

तेथे सारे गोड होते असे समजू नये. याच प्रांतांतील युक्रेनी स्थलांतरितांस पहिल्या महायुद्धात ‘शत्रुराष्ट्राचे’ म्हणून छावण्यांत डांबण्यात आले. युद्धकाळी सत्तेस संशय घेण्याची सवय लागते आणि ती सर्वत्र सारखीच. तथापि ज्याच्याकडून घ्यावयाचे त्यास निदान बोलू द्यावे, ही रीत तेथे होती. हैदराबादच्या शेतकऱ्यास ओटावा नव्हते. त्याची गाऱ्हाणी ज्या संस्था मांडू पाहत, म्हणजे मराठी भागात महाराष्ट्र परिषद आणि तेलुगू भागात आंध्र महासभा, त्यांना मत नव्हते, आणि सभेसही परवानगी लागे.

या दोन दूरच्या मुलुखांस जोडणारा आणखी एक धागा आहे व तो कटू आहे. १९४३ च्या सुमारास कॅनडाच्या कोठारांत न विकलेल्या गव्हाचे ढीग पडले होते. त्या वर्षाच्या अखेरीस कॅनडाने बंगालसाठी एक लाख टन गहू देऊ केला. ब्रिटिश सरकारने त्यासाठी जहाजे मोकळी केली नाहीत. तिकडे गहू कोठारात, इकडे माणसे रस्त्यावर, आणि मध्ये समुद्र. घरच्या आघाड्या अनेक असल्या तरी त्यांचा मालक एकच होता, आणि कोणत्या आघाडीने किती सोसावे हे तोच ठरवीत होता.

६

युद्धाने हैदराबादकडून घेतलेच असे नाही. काही मागेही ठेवले, आणि ते नेमके कुकटपल्लीच्या रस्त्यावर. कॅनडाच्या सपाटीवर १९३९ च्या करारानुसार वैमानिक शिक्षणाची प्रचंड योजना उभी राहिली आणि तीतून एक लक्ष तीस हजारांहून अधिक विमानसैनिक बाहेर पडले. त्याच कामाचा एक लहानसा नमुना बेगमपेठ येथे होता. युद्धकाळात हिंदी विमानदलाची प्राथमिक वैमानिक शाळा तेथे चालत असे. लाकडी-कापडी पंखांची टायगर मॉथ विमाने भातखाचरांवरून घिरट्या घालीत, आणि खाली नांगर धरलेला माणूस मान वर करून पाहत असे. युद्ध संपताच, १९४५ साली, येथेच डेक्कन एअरवेज ही विमान कंपनी स्थापन झाली. १९५३ साली ती राष्ट्रीय सेवेत विलीन झाली. बेगमपेठचा विमानतळ प्रवासी वाहतुकीस २००८ पर्यंत खुला होता.

दुसरी गोष्ट कारखान्यांची. समुद्रमार्ग धोक्यात आल्याने परदेशी यंत्रे व लोखंडी सामान मिळेनासे झाले, आणि जे आयात होत असे ते येथेच करणे भाग पडले. १९४२ साली हैदराबाद ऑल्विन मेटल वर्क्स आणि १९४३ साली प्रागा टूल्स या कंपन्या निघाल्या. आदिलाबाद भागातील सिरपूर येथील कागद गिरणी १९३८ साली स्थापन झाली होती. तिचा कागद बाहेर पडू लागला तो १९४२ साली, ज्या वेळी देशभर वृत्तपत्रे पाने कमी करीत होती आणि मराठी प्रकाशक कागदाच्या कोट्यासाठी हेलपाटे घालीत होते. नांदेडच्या उस्मानशाही गिरणीसारख्या कापड गिरण्यांस युद्धकाळी मागणीची वाण नव्हती; विणकरास सूत मात्र मिळेना.

शहराच्या पश्चिमेकडील सनतनगर या नावातच ‘सनअत’ म्हणजे उद्योग हा उर्दू शब्द आहे. ऑल्विनचा कारखाना याच बाजूस वाढला. पुढे बालानगर, पुढे १९६० नंतर कुकटपल्लीचा इंडियन डेटोनेटर्स, आणि त्या कामगारांसाठी घरे, अशी वस्ती रस्त्याच्या कडेने सरकत गेली. आज या भागात राहणाऱ्या हजारो मराठी कुटुंबांपैकी पुष्कळांचा समज असा की, येथील भरभराट संगणकाने आणली. ती समजूत अर्धी खरी आहे. ज्या पायावर हे सारे उभे राहिले त्यांतील पहिले दगड युद्धाच्या टंचाईने बसविले होते, आणि ते बसविण्यास लागलेला पैसा ज्या खजिन्यातून आला तो भरण्यात शेतसाऱ्याचा वाटा मोठा होता.

७

युद्ध ऑगस्ट १९४५ मध्ये संपले. लेव्ही संपली नाही. टंचाई चालू होती, म्हणून वसुली चालू राहिली. १९४४ साली भुवनगिरी येथे भरलेल्या आंध्र महासभेच्या अधिवेशनात रवि नारायण रेड्डी यांच्या अध्यक्षतेखाली संघटनेचे सुकाणू जहाल तरुणांच्या हाती गेले, आणि वेठबिगार व सक्तीची धान्यवसुली यांविरुद्धची चळवळ गावोगाव पसरली. जुलै १९४६ मध्ये नलगोंडा जिल्ह्यातील कडवेंडी येथे दोड्डी कोमरय्या गोळीस बळी पडला आणि तेलंगणाच्या सशस्त्र लढ्यास तोंड लागले. या लढ्याची मुळे जमीनदारीत खोल गेलेली होती. एकट्या लेव्हीने तो पेटला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु शतकानुशतके सोसणाऱ्या शेतकऱ्याची सहनशक्ती नेमकी याच वर्षांत का संपली, या प्रश्नाचे उत्तर युद्धकाळातील खळ्यावर शोधावे लागते. पोलीस कारवाईने सप्टेंबर १९४८ मध्ये निजामी राजवट संपली. तिच्या अंताची कारणे सांगताना आपण रझाकारांपासून प्रारंभ करतो. तो प्रारंभ पाच वर्षे मागे, पहिल्या लेव्हीच्या पावतीपासून करणे अधिक न्याय्य होईल.

मराठी साहित्याने या काळाची दखल घेतली नाही असे नव्हे. विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ ही कादंबरी १९३९ सालची. मर्ढेकरांच्या १९४७ सालच्या ‘काही कविता’मध्ये युद्धोत्तर महानगर उतरले. परंतु ती दृष्टी बोटीवरची वा मुंबईची आहे. निजामी हद्दीतील मराठी शेतकरी, जो एकाच वेळी इंग्रजांच्या युद्धाचा, संस्थानी सत्तेचा आणि परभाषेतील दप्तराचा भार वाहत होता, त्याचे युद्धवृत्त लिहावयाचे राहिले आहे.

ते लिहिण्याची साधने अजून आहेत. तारनाका येथील राज्य दप्तरखान्यात संस्थानी कागद आहेत. लक्ष्मणराव फाटक यांनी १९२० साली सुरू केलेला ‘निजाम विजय’ आणि १९२६ पासूनची तेलुगू ‘गोलकोंडा पत्रिका’ यांचे जुने अंक ग्रंथालयांतून चाळण्यासारखे आहेत. याहून जवळचे साधन घरात आहे. १९४३ साली जे मूल दहा वर्षांचे होते त्याने आज नव्वदी ओलांडली आहे. त्यास ‘महायुद्ध’ विचारले तर तो हिटलरचे नाव सांगेल व थांबेल. ‘लेव्ही’, ‘पेव’, ‘हाली’, ‘करोडगिरी’ हे शब्द उच्चारून विचारले तर तो बोलू लागेल. आमच्या अध्यापकबंधूंनी व भगिनींनी एकेका वर्गास एकेका गावाची ही नोंद करावयास लावली, तर पाच वर्षांत मराठवाडा नि तेलंगण मिळून घरच्या आघाडीचा असा ग्रंथ तयार होईल की जो कोणत्याही सरकारी दप्तरात सापडणार नाही. हे काम पुढे ढकलण्याजोगे नाही. साक्षीदार थांबत नाहीत.

हैदराबादचे नाव धारण केलेल्या दोन विमानतुकड्या, ११० वी आणि १५२ वी, युद्धाच्या उत्तरार्धात ब्रह्मदेशाच्या मोहिमेवर लढल्या. ज्या ब्रह्मदेशचा तांदूळ बंद झाल्याने हैदराबादच्या खळ्यांवर लेव्ही आली, त्याच ब्रह्मदेशच्या आकाशात हैदराबादचे नाव उडत होते. त्या विमानांची संख्या, जात व क्रमांक आज कोणासही पुस्तकात पाहावयास मिळतात. त्यांच्याखाली पसरलेल्या मुलुखातून किती पायल्या ज्वारी नि किती पल्ले भात उचलले गेले, आणि त्यामुळे कोणत्या घरी त्या पावसाळ्यात चूल पेटली नाही, याचीही नोंद तितक्याच काळजीने झाली पाहिजे. ती झाल्यावाचून हैदराबादने महायुद्धास काय दिले, या प्रश्नाचे उत्तर पुरे झाले असे आम्ही मानीत नाही.